पृष्ठभाग आणि अवकाश : मुंबईतील आलिशान उत्तुंग निवासांच्या अंतर्गत सजावटीची चिकित्सा

सारांश

मुंबईतील आलिशान बहुमजली निवासांच्या अंतर्गत रचनेत गेल्या चार दशकांत झालेला एक मूलभूत बदल प्रस्तुत लेखात तपासला आहे. घराचे ऐश्वर्य पूर्वी त्याच्या अवकाशरचनेत शोधले जात असे. आता ते प्रामुख्याने पृष्ठभागाच्या झिलईत शोधले जाते. कांचनजंगा (१९८३) ही इमारत तुलनेचा आधार म्हणून घेऊन, नव्या मनोऱ्यांतील फिनिशिंगचा हवामान, स्वयंपाक आणि श्रम यांच्याशी असलेला संबंध येथे उलगडला आहे.

बीजशब्द : अंतर्गत सजावट, फिनिशिंग, उत्तुंग निवास, कांचनजंगा, संगमरवर, घरेलू श्रम.

१. प्रस्तावना

मराठीतील वास्तुविषयक लेखन प्रामुख्याने लेणी, मंदिरे, किल्ले आणि वाडे यांच्याभोवती फिरत आले आहे. समकालीन निवासी इमारत, त्यातही श्रीमंतांची उत्तुंग इमारत, मालमत्ताविषयक पुरवण्यांच्या स्वाधीन करण्यात आली. तेथे तिचे वर्णन होते. चिकित्सा होत नाही. लाद्या कोणत्या देशातून आल्या, नळ कोणत्या कंपनीचे आहेत, दिवाणखान्याच्या काचेतून समुद्र किती दिसतो, याची यादी दिली की मूल्यमापन पूर्ण झाले असे मानले जाते. कादंबरीचे परीक्षण करताना केवळ कागदाचा दर्जा आणि बांधणी यांविषयी लिहावे, तसाच हा प्रकार आहे.

ही उपेक्षा परवडणारी नाही. श्रीमंतांच्या घराची कल्पना त्यांच्यापुरती मर्यादित राहत नाही. आज जी सजावट साठाव्या मजल्यावर दिसते, तिचीच स्वस्त प्रतिकृती काही वर्षांत जिल्ह्याच्या गावातील दोन खोल्यांच्या सदनिकेत पोहोचते. संगमरवराच्या जागी संगमरवरासारखी दिसणारी व्हिट्रिफाइड लादी येते, विनियरच्या जागी सनमायका येतो. परंतु 'चांगले घर' म्हणजे काय, याविषयीची धारणा तीच राहते. म्हणूनच या धारणेच्या उगमाकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे ठरते.

२. 'फिनिशिंग' : संज्ञा आणि निकष

बांधकाम व्यवसायात 'फिनिशिंग' हा शब्द सर्रास वापरला जातो. आरसीसीचा सांगाडा उभा राहून विटांचे काम झाले की उरते ते सर्व फिनिशिंग : गिलावा, लादी, स्कर्टिंग, फॉल्स सीलिंग, रंग, पॉलिश, दारे-खिडक्यांची जडणघडण. या शब्दात 'शेवट' अभिप्रेत आहे. घर येथे पूर्ण झाले, आता त्यात काही व्हायचे उरलेले नाही, असे तो सुचवतो. मराठी घराचा परंपरागत अनुभव मात्र निराळा होता. जमीन दर काही दिवसांनी सारवली जाई, भिंतींना सणासुदीला पांढरी माती किंवा चुना लागे, उंबरठ्यावर रोज नवी रांगोळी येई. तेथे पृष्ठभाग कधीच 'संपत' नसे. तो राहणाऱ्यांच्या हातून पुन्हा पुन्हा घडत असे. या श्रमाचा भार बहुतांशी स्त्रियांवर होता, हे विसरून त्याचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. परंतु वापर आणि पृष्ठभाग यांच्यात तेथे वैर नव्हते, एवढे निश्चित.

या संदर्भात दोन पाश्चात्त्य विचारवंतांची मते उपयुक्त ठरतात. व्हिएन्नातील वास्तुकार अडॉल्फ लोस यांनी १८९८ मध्ये वेष्टणाविषयी एक साधा नियम मांडला : ज्या पदार्थाने आच्छादन केले आहे आणि ज्याला आच्छादले आहे, त्या दोहोंची गल्लत होता कामा नये. लाकडाला कोणताही रंग द्यावा, लाकडाचा मात्र देऊ नये. लोस मौल्यवान पदार्थांचे विरोधक नव्हते. प्राग येथील व्हिला म्युलर (१९३०) या त्यांच्या घरात संगमरवराचा मनमुराद वापर आहे. त्यांचा आक्षेप महागड्या दगडाला नव्हता, सोंगाला होता.

दुसरे विचारवंत वॉल्टर बेंजामिन. १९३३ मधील एका निबंधात त्यांनी काचेविषयी विवेचन केले आहे. काच कठीण आणि गुळगुळीत असते, तिच्यावर काहीच टिकत नाही. याउलट एकोणिसाव्या शतकातील सुखवस्तू घराचा प्रत्येक कोपरा मालकाच्या खुणांनी भरलेला असे. बेंजामिन यांना खुणा पुसल्या जाण्यात एक मुक्ती दिसली होती. जुन्या मालकीच्या ओझ्यातून माणूस मोकळा होईल, अशी ती आशा होती. आजच्या आलिशान मनोऱ्याने काचेचे खूणविरहितत्व घेतले. मालकीचे ओझे मात्र तसेच ठेवले.

या दोन मतांवरून प्रस्तुत चर्चेसाठी तीन निकष हाती येतात. पृष्ठभाग स्वतःच्या स्वरूपाविषयी प्रामाणिक आहे काय? वापराच्या खुणा तो सामावून घेतो, की त्यांना दोष ठरवतो? आणि तो तसाच राहावा यासाठी कोणाला राबावे लागते?

३. कांचनजंगा : छेदातील ऐश्वर्य

तुलनेसाठी मुंबईतीलच एक इमारत समोर ठेवणे इष्ट ठरेल. चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्यासह रचलेली कंबाला हिलवरील कांचनजंगा १९८३ मध्ये पूर्ण झाली. तिचे संरचना अभियंते शिरीष पटेल होते. २१ मीटर बाजूचा चौरस, ८४ मीटर उंची, अवघ्या ३२ सदनिका. तीन ते सहा शयनगृहांची ही घरे निःसंशय श्रीमंतांचीच आहेत. त्यामुळे ही तुलना गरीब आणि श्रीमंत यांच्या घरांची नसून ऐश्वर्याच्या दोन कल्पनांची आहे.

मुंबईत पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला बंदर आहे. वाऱ्यासाठी व दृश्यासाठी घराने याच दोन दिशांना तोंड करावे. पण कडक ऊन आणि पावसाचा माराही त्याच दिशांनी होतो. जुन्या बंगल्यांनी या पेचाचे उत्तर व्हरांड्याने दिले होते. राहत्या खोल्यांभोवती एक मोकळा पट्टा ठेवला की ऊन आणि पाऊस तेथेच थबकतात, वारा आत येतो. कोरिया यांनी नेपियन सी रोडवरील सोनमर्ग इमारतीत (१९६६) या पट्ट्याचा प्रयोग केला होता. कांचनजंगामध्ये तो पट्टा कोपऱ्यातील दोन मजली उंचीची बागगच्ची झाला.

या इमारतीचे मर्म तिच्या छेदात, म्हणजे इमारत उभी कापली असता दिसणाऱ्या रचनेत आहे. वेगवेगळ्या आकाराच्या सदनिका एकमेकींत अडकवल्या आहेत. घराच्या आत जमिनीची पातळी बदलते. काही पायऱ्या उतरल्या की एका वातावरणातून दुसऱ्यात गेल्याचा प्रत्यय येतो. ६.३ मीटरपर्यंत अधांतरी पुढे आलेल्या स्लॅबमुळे गच्चीच्या कोपऱ्यात खांब उरत नाही. येथे ऐश्वर्य म्हणजे दुप्पट उंची, सावली, आरपार वारा, आणि विसाव्या मजल्यावरही पावसाजवळ बसता येण्याची सोय. त्यातील लादी उद्या बदलली तरी हे ऐश्वर्य कमी होणार नाही. ही कसोटी महत्त्वाची आहे, कारण नव्या मनोऱ्यांना ती लावून पाहता येते : फिनिशिंग काढून घेतले तर मागे काय उरते?

४. मोकळ्या जागेचा लोप आणि नामांकित सजावट

कांचनजंगा पूर्ण होत होती, त्याच काळात काही किलोमीटरवरील गिरणगावात १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप चालू होता. १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली, २००१ मधील तिच्यातील बदल आणि मार्च २००६ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, या क्रमाने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा भाग बांधकामासाठी खुला झाला. लोअर परळमधील श्रीनिवास गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला, सुमारे २८० मीटर उंचीचा 'वर्ल्ड वन' हा त्यातील एक ठळक मनोरा. त्याच्या अंतर्गत रचनेशी ज्योर्जिओ अरमानी यांच्या 'अरमानी/कासा' या विभागाचे नाव जोडले गेले. पुण्यात हडपसर येथील एका प्रकल्पाला फिलिप स्टार्क सहसंस्थापक असलेल्या 'यू' या संस्थेचे नाव लाभले.

येथे एक लक्षणीय स्थित्यंतर घडते. कांचनजंगा ओळखली जाते ती वास्तुकाराच्या नावाने; नवे मनोरे विकले जातात ते अंतर्गत सजावटकाराच्या नावाने. अरमानी यांची अभिरुची संयत होती, हे मान्य करावेच लागेल. मंद रंग, कमी झगमगाट, साध्या रेषा यांत सोनेरी नक्षीकामाचा भडकपणा नाही. मुद्दा अभिरुचीच्या चांगल्या-वाईटाचा नाही. मिलान, दुबई आणि लोअर परळ येथे सारखेच दिसू शकेल असे अंतरंग प्रत्यक्षात आणायचे, तर बाहेरची हवा बाहेरच ठेवावी लागते. बंद काच आणि वातानुकूलन ही या सजावटीची पूर्वअट ठरते.

नियमांनीही या प्रवासाला हातभार लावला. जानेवारी २०१२ पूर्वी बाल्कनी, फ्लॉवर बेड यांसारखे भाग ठरावीक मर्यादेत चटईक्षेत्र निर्देशांकातून वगळले जात. परिणामी ते कागदावर मोकळे दाखवून प्रत्यक्षात खोलीत सामावून घेण्याची प्रथा पडली. २०१२ च्या सुधारणेने हे भाग निर्देशांकात मोजले जाऊ लागले आणि निवासी इमारतींना ३५ टक्के प्रतिपूरक क्षेत्र मिळाले. गैरप्रकार थांबवण्याचा हेतू रास्तच होता. परंतु मोकळी गच्ची आणि बंदिस्त खोली यांचे माप एकच झाल्यावर विकासक काय निवडणार, हे उघड होते. पुढे स्थावर संपदा (विनियमन आणि विकास) अधिनियम, २०१६ ने कार्पेट क्षेत्राची व्याख्या निश्चित करून ग्राहकाची फसवणूक रोखली. मात्र त्या व्याख्येत सदनिकेची बाल्कनी वा व्हरांडा घराच्या मापाबाहेर राहतो. हिशेबाच्या भाषेत घर म्हणजे भिंतींच्या आतील भाग. ओटी, पडवी, सज्जा, गॅलरी हे सारे शब्द त्या हिशेबाच्या काठावर राहतात.

छेद सपाट झाला, गच्ची आत गेली, एकावर एक सारखेच मजले आले. मग एका सदनिकेने दुसरीहून वेगळे आणि महाग दिसावे कसे? हे काम फिनिशिंगकडे येते. अवकाशाने जे सांगायचे सोडून दिले, ते आता लादीला सांगावे लागते.

५. संगमरवर आणि कोकम

नव्या मनोऱ्यांच्या माहितीपत्रकांतील परवलीचा शब्द 'इटालियन मार्बल' हा होय. काराराचा स्टॅच्युआरियो असो की ब्रेशिया परिसरातील बोत्तिचिनो, हे मूलतः कॅल्शियम कार्बोनेट. मोस मापश्रेणीवर त्याचा मुख्य घटक कॅल्साइटचा कठीणपणा ३. पायाला लागून येणाऱ्या वाळूच्या कणांचा ७. आम्ल पडले की पृष्ठभाग विरघळून झिलई जाते. लिंबू, चिंच, कोकम, ताक हे मराठी स्वयंपाकातील नित्याचे पदार्थ आम्लधर्मी आहेत. हळदीचा डाग निराळाच. सोलकढीची वाटी कलंडणे हा एरवी फडक्याने पुसण्याचा प्रसंग. येथे तो डायमंड पॉलिशवाल्याला बोलावण्याचा होतो.

यावर कोणी म्हणेल की दोष दगडाचा आहे. परंतु येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील असंख्य घरांत असलेली शहाबादी फरशी आणि ओट्याचा काळा कडप्पा हेही चुनखडीचेच दगड आहेत. आम्लाचा परिणाम त्यांच्यावरही होतो. तरीही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर चिंचगुळाची आमटी सांडली आणि कोणाची झोप उडाली नाही. कारण त्यांच्याकडून आरशासारखे चमकण्याची अपेक्षाच नव्हती. वावराने शहाबादी फरशी गुळगुळीत होते, तिला पावलांची झिलई चढते. वापर हेच तिचे पॉलिश. म्हणजे फरक दगडाच्या जातीत नसून त्याच्याकडून केलेल्या अपेक्षेत आहे. आरशासारख्या पृष्ठभागाला पहिला दिवस हाच सर्वोत्तम दिवस असतो. त्यानंतर तो फक्त बिघडू शकतो. ज्या घराचा परमोत्कर्ष कोणी राहायला येण्यापूर्वीच होऊन जातो, त्या घरात राहणारा माणूस हा त्याच्या सौंदर्याचा शत्रू ठरतो.

सॅम्पल फ्लॅट हे या विचारसरणीचे शुद्ध रूप होय. तेथे ओले कपडे नसतात, लोणच्याची बरणी नसते, वाळवण नसते. मागून प्रकाश सोडलेल्या कोरीव पटलासमोर देव्हारा असतो. पण समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर पांढऱ्या फॉल्स सीलिंगला मानवणारा नसल्याने वात बहुधा विजेची असते. उंबरठा नाहीसा होऊन जमीन सलग झालेली असते. वृद्ध आणि चाकाची खुर्ची वापरणारे यांच्यासाठी हा बदल हितकारक आहे, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. मात्र माहितीपत्रके त्याचे समर्थन या कारणाने क्वचितच करतात. तेथे 'अखंड दृश्य' एवढेच महत्त्वाचे असते.

६. झिलईमागील हात

तिसरा निकष श्रमाचा. थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले होते की प्रतिष्ठित उपभोगात वस्तूची उपयुक्तता गौण असते. ती वस्तू सांभाळण्यासाठी इतरांचा वेळ खर्च करण्याची ऐपत प्रमुख असते. आरशासारखी जमीन याचे चपखल उदाहरण आहे. ती आरशासारखी राहावी यासाठी कोणीतरी दिवसातून दोनदा पुसावी लागते आणि पुसणारी व्यक्ती दिसू नये अशीही व्यवस्था करावी लागते.

ही व्यवस्था नकाशातच केलेली असते. स्वतंत्र सर्व्हिस लिफ्ट, मागचे दार, युटिलिटीला लागून खिडकीपुरत्या उजेडाची एक खोली. स्वयंपाकघरही दोन होतात. एक पाहुण्यांना दिसणारे, बेटासारखा ओटा असलेले कोरडे. दुसरे मागचे, जेथे प्रत्यक्ष फोडणी पडते. माजघरातून चुलीकडे पाहता येत असे. येथे फोडणीचा वास आणि ती देणारी बाई दोन्ही दाराआड जातात. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ ने या श्रमिकांना कायद्यात नाव दिले. आलिशान सदनिकेच्या छायाचित्रांत मात्र त्यांचे अस्तित्व केवळ लखलखीत जमिनीच्या रूपानेच दिसते. कांचनजंगाही या विषमतेला अपवाद नाही. तेथेही नोकरांच्या जागा वेगळ्याच आहेत. तथापि, तेथील ऐश्वर्य टिकवण्यासाठी वारा आणि सावली यांना रोज पुसावे लागत नाही.

याहून गंभीर बाब पृष्ठभाग घडवणाऱ्यांची आहे. संगमरवराला पर्याय म्हणून ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्‌झमध्ये सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असू शकते. तो कोरडा कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या निर्मितीवर आणि वापरावर बंदी घातली. दगडखाणी आणि दगडकाम मोठ्या प्रमाणावर असलेल्या राजस्थानने २०१९ मध्ये धूलिजन्य फुप्फुसविकारांसाठी स्वतंत्र धोरण आणले. डाग न पडणारा ओटा ही सोय खरीच. परंतु तो डाग कोणाच्या फुप्फुसात गेला, हा प्रश्न सौंदर्यविचाराच्या बाहेरचा मानता येत नाही.

७. संभाव्य आक्षेप

उपरोक्त विवेचनावर काही आक्षेप संभवतात. पहिला तांत्रिक आहे. कांचनजंगा ८४ मीटर उंच. २८० मीटरवर वाऱ्याचा वेग आणि पावसाचा मारा इतका असतो की उघडी गच्ची व्यवहार्य ठरत नाही. शिवाय शहरातील धूळ आणि गोंगाट वाढला आहे. या आक्षेपात तथ्य आहे. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की त्या उंचीवरील निवासाला निराळ्या अवकाशकल्पनेची गरज आहे. महागडी लादी हे त्या गरजेचे उत्तर नव्हे.

दुसरा आक्षेप असा की ज्याचे घर त्याची आवड. समीक्षकाने त्यात ढवळाढवळ का करावी? घर खासगी असले तरी घराचा आदर्श सार्वजनिक असतो. वरळीच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे बहुमजली इमारतींत दिली जात आहेत. जागा तिपटीहून वाढली, स्वतंत्र संडास-न्हाणी मिळाली, ही प्रगती निर्विवाद आहे. मात्र चाळीची लांब गॅलरी, जी घर आणि रस्ता यांच्यामधली खोलीच होती, तिचे काय करायचे याचे उत्तर उत्तुंग इमारतीच्या रूढ नमुन्यात नाही. श्रीमंतांच्या मनोऱ्याने तो नमुना आधीच ठरवून ठेवला आहे.

तिसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. शहाबादी फरशी आणि सारवलेली जमीन यांकडे परत जा, असे येथे सुचवायचे नाही. आधुनिक पदार्थही खुणा सामावू शकतात. १९२२ मध्ये स्वदेशीच्या प्रेरणेने सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग्जच्या सिमेंटच्या रंगीत लाद्या पूर्णतः आधुनिक होत्या आणि मुंबईतील कित्येक घरांत त्या आजही शोभून दिसतात. कोरिया यांचीच बेलापूरमधील वसाहत हे दुसरे उदाहरण. तेथील घरे राहणाऱ्यांनी वाढवावीत, बदलावीत, हे मूळ आराखड्यातच गृहीत धरले होते. म्हणजे अपूर्णता हा तेथे गुण मानला गेला. प्रश्न जुन्या-नव्याचा नसून वापराला पृष्ठभाग आणि अवकाश कसा प्रतिसाद देतात याचा आहे.

८. समारोप

वरील तीन निकषांवर पाहता आलिशान उत्तुंग निवासांचे फिनिशिंग मिश्र चित्र उभे करते. पदार्थाच्या प्रामाणिकपणाच्या कसोटीवर खरा संगमरवर उतरतो. सोंगाचा दोष त्याच्या नकलांकडे जातो. खुणा सामावून घेण्याच्या कसोटीवर मात्र तो सपशेल अनुत्तीर्ण ठरतो आणि श्रमाच्या कसोटीवर तो इतरांच्या पाठीवर उभा असल्याचे दिसते. कायद्याने कारागिरीतील दोषांची जबाबदारी विकासकावर पाच वर्षांसाठी टाकली आहे. समीक्षेची मुदत त्याहून मोठी असावी लागते. पंचवीस वर्षे राहून झाल्यावर हे घर अधिक चांगले झालेले असेल की केवळ जुने, हा तिचा प्रश्न आहे.

वास्तुशास्त्र, गृहविज्ञान, समाजशास्त्र आणि साहित्य या विद्याशाखांनी हा विषय एकत्रितपणे हाताळल्यास त्याची व्याप्ती अधिक स्पष्ट होईल. 'चटईक्षेत्र' या नियमावलीतील रुक्ष शब्दातच एक दिशादर्शन दडलेले आहे. जेथे चटई पसरून माणूस टेकू शकतो, ती जागा घराची. ज्या जमिनीवर चटई ओढल्याने ओरखडा उठेल अशी धास्ती वाटते, ती कितीही मौल्यवान असली, तरी या मूळ अर्थाने घराची जमीन ठरत नाही.